वाऱ्याच्या उंचीची खुर्ची

घर दाखवायला निघालेल्या दलालाने मैलापूरच्या एका आडगल्लीत स्कूटर थांबवली, तेव्हा मागच्या ऑटोत बसलेल्या मला वाटलं, ह्याचं इथल्या कुठल्यातरी कचेरीत काम असणार. समोर पांढरी, सपाट छपराची दुमजली इमारत होती. दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या उभ्या पट्ट्या, कंगव्याच्या दातांसारख्या. पोर्चचं छप्पर तिरकं, उडायच्या बेतात असल्यासारखं, आणि ते पेलायला मनगटाएवढे दोन लोखंडी खांब, तेही तिरपेच. जिन्याच्या बाजूला भिंत नव्हती, नुसती सिमेंटची जाळी होती. सांगलीला पाटबंधारे खात्याचं ऑफिस थेट असं होतं. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेले की जाळीपलीकडचे कारकून तुकड्यातुकड्यांनी दिसायचे.

"हेच," दलाल म्हणाला. "वरचा मजला."

नव्या शतकाची तीन-चार वर्षं झाली होती. बँकेत बढती मिळाली ती चेन्नईची बदली घेऊनच. नवरा सांगलीच्या कॉलेजात शिकवत होता, त्याला हलता येणार नव्हतं. मुलगी चौथीत जाणार होती, ती माझ्याबरोबर आली. तीन वर्षं काढायची आणि परतायचं, असा हिशेब होता. घर कसं हवं ह्याबद्दल माझी फार अपेक्षा नव्हती. चारचौघांसारखं असलं की पुरे. हे घर चारचौघांसारखं नव्हतं, पण शाखा चालत दहा मिनिटांवर होती आणि मुलीची शाळा त्याच वाटेवर.

मालक खालच्या मजल्यावर एकटे राहत. ऐंशीच्या आसपासचे, उंच, काटकुळे. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि खिशाला पेनऐवजी टोक केलेली पेन्सिल. ते दलालाशी तमिळमध्ये बोलत होते. मी मुलीला हळूच म्हटलं, "हॉस्पिटलसारखं वाटतंय, नाही?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "हॉस्पिटल नव्हे," ते मराठीत म्हणाले. "माझी बायको पोस्ट हापीस म्हणायची. बैसा."

ते तंजावरकडच्या मराठी कुटुंबातले. पिढ्यानपिढ्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांचं बोलणं मला इथे तंतोतंत उतरवता येणार नाही, कानात राहिलंय तसं लिहिते आहे. 'बैसा', 'कोठे', 'अंमळ' असे आमच्याकडे पोथ्यांत उरलेले शब्द ते रोज वापरत, मधूनच तमिळ शब्द घालत, आणि वाक्याचा शेवट तमिळ चालीवर वर जाई, त्यामुळे साधं विधानसुद्धा प्रश्नासारखं वाटे. माझी ओशाळलेली मुद्रा त्यांना दिसली असावी. त्यांनी खुर्चीकडे हात केला.

मी बसायला गेले आणि माझा अंदाज चुकला. खुर्ची नेहमीच्या खुर्चीपेक्षा चांगली चार बोटं खाली होती. मी जवळजवळ पडलेच तिच्यात. सागवानी चौकट, पाठीला आणि बैठकीला वेताची वीण, बारीक हात, आणि पाय बाहेरच्या बाजूला तिरपे, खाली येता येता बोटाएवढे निमुळते झालेले. अशा चार खुर्च्या आणि मध्ये काजूच्या आकाराचं टीपॉय. बाकी हॉल मोकळा. भिंतीवर तसबीर नाही, कोपऱ्यात शोकेस नाही. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची मोझेकची जमीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेली.

मे महिन्याची दुपार होती. माझी पाठ घामाने चिंब होती. दोन मिनिटं गेली असतील, आणि गळ्याशी, मग तोंडावर गार काहीतरी लागलं.

"आला?" मालकांनी विचारलं.

"काय?"

"वारा."

मी इकडेतिकडे पाहिलं. पंखा बंद होता. पूर्वेच्या खिडकीखाली, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, लाकडी पट्ट्यांची एक लांबलचक झडप होती. तिच्या फटींमधून समुद्रावरचा वारा आत येत होता. पट्ट्यांचा तिरपेपणा असा, की तो वर उचलला जाऊन खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर छातीवर यावा. उभं राहून पाहिलं तर काही कळत नव्हतं. बसलं की वारा.

"उंच खुर्चीत बैसलात, तर पोटाला लागेल," ते म्हणाले. "पोटाला वाऱ्याचं काय काम?"

मी ते घर त्याच दिवशी घेतलं. आवडलं म्हणून नव्हे. मुलगी जाळीच्या भोकांतून हात बाहेर काढून खेळायला लागली होती आणि मला उन्हात आणखी घरं पाहायची ताकद नव्हती.

मुलीने त्यांना 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणायला सुरुवात केली, शेजारची मुलं म्हणत म्हणून. मी मामा म्हणे. ते मुलीला 'पाप्पा', म्हणजे छकुली म्हणत, आणि मला 'अम्मा'. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं, माझ्या दुप्पट वयाच्या माणसाने मला अम्मा म्हणावं. पण तिकडे तशीच रीत आहे.

रविवारी दुपारी ते आम्हाला कॉफीला खाली बोलावत. कॉफी स्वतः करत. ते तरुणपणी सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले होते. वरच्या साहेबांनी कल्पना सांगायची, ह्यांनी ती मापात बसवून कागदावर काढायची. एक साहेब परदेशात शिकून आले होते. त्यांच्या हाताखाली ह्यांनी रेल्वेची क्वार्टर्स काढली, कॉलेजं, वसतिगृहं काढली. सगळी सपाट छपरांची, पट्ट्यांची, जाळ्यांची.

"तेव्हा आम्हांस वाटे, सगळं नवं करायचं," ते एकदा म्हणाले. "देश नवा. सिमेंट नवं. माणूस पण नवा होईल. त्यास कशास पाहिजे कोरीव खांब आणि काळोखी माजघर?"

त्यांचं स्वतःचं बालपण तशाच एका घरात गेलं होतं. लांबट, पुढून मागे अंधारत जाणारं, आणि सगळ्यात शेवटी धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर. त्यांची आई त्यात खोकत असे. म्हणून स्वतःचं घर बांधताना त्यांनी स्वयंपाकघर अगदी पुढे आणलं, रस्त्याकडे. मोठी खिडकी ठेवली, ओटा उभ्याने काम करायचा केला, आणि हॉल व स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये भिंत न घालता लाकडी फळ्यांचं आरपार कपाट ठेवलं. त्या काळी त्यांच्या ओळखीत कोणाच्याच घरी असं नव्हतं.

"मग मामींना आवडलं असेल," मी म्हटलं.

ते हसले. "पहिल्या दिवशी तिने खिडकीस पडदा लावला. म्हणाली, रस्त्यावरून जाणाऱ्यास माझं सांबार दिसतं."

पडदा अजून होता. धुऊन धुऊन विरलेला, निळ्या फुलांचा. मामींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आरपार कपाटाच्या फळ्यांवर त्यांनी पितळी डबे इतके दाटीने रचले होते की त्याची भिंतच झाली होती. मामांनी त्यातला एकही डबा हलवला नव्हता. त्या दोघांनी चाळीस-बेचाळीस वर्षं ह्या घरावरून भांडण केलं असावं असं माझ्या लक्षात येत गेलं. मोठ्या आवाजातलं नव्हे. तिने एक वस्तू ठेवायची, त्यांनी उचलायची, तिने परत ठेवायची, असं.

मागच्या व्हरांड्यात एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती, लग्नाच्या हॉलात असतात तसली. अशा घरात ती इतकी विजोड दिसे, की एकदा मी विचारलं.

"तिची," ते म्हणाले. "गुडघे दुखत. ह्या खुर्चीतून उठता येईना तीस. म्हणाली, पायांना खालून ठोकळे लावून घ्या. मी म्हटलं, होत नाही. प्रमाण जातं. आणि वाऱ्याचं काय करायचं? मग तिने ही आणवली बाजारातून. हॉलात ठेवी. मी संध्याकाळी मागे नेऊन ठेवी. सकाळी पुन्हा हॉलात."

"किती दिवस?"

"पाच-सहा वर्षं," ते म्हणाले आणि उठून कप विसळायला गेले.

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. वर आल्यावर मी नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा, की आमचे मालक म्हणजे हुशार, सज्जन, आणि कठोर. पण एव्हाना मला ते घर आवडायलाही लागलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. वरच्या मजल्यालाही त्या उभ्या पट्ट्या होत्या. दहा वाजेपर्यंतचं कोवळं ऊन त्यांमधून आत येई. उन्हं तापली की पट्ट्यांची सावली बरोबर काचेवर सरके. दुपारी खोल्या थंड राहत. कोणीतरी फार वर्षांपूर्वी, मी कोण हे माहीत नसताना, माझ्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून खपलं होतं. असा विचार मी आधी कुठल्याच घराबद्दल केला नव्हता. आमच्या सांगलीच्या घरात मखमलीचा कोरीव सोफासेट होता. तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहे, बसण्यासाठी नाही, हे मला इथे येऊन कळलं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. मुलगी अकराच्या सुमाराला खाली गेली आणि लगेच धावत वर आली.

"आई, ताता खुर्चीत बसलेत आणि मला म्हणाले, आईला बोलाव, पण सावकाश बोलाव."

मी खाली गेले. मामा पूर्वेच्या खिडकीपाशी नेहमीच्या खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र घडी करून टीपॉयवर ठेवलेलं. चेहरा शांत, फक्त ओठ कोरडे.

"अम्मा, अंमळ हात द्याल?" ते म्हणाले. "उठता येत नाही."

"केव्हापासून?"

"सहाला बैसलो पेपर वाचायला."

पाच तास ते तसेच बसून होते. मी वर ओट्यापाशी होते. एक हाक मारली असती तरी जिन्यातून ऐकू आली असती. मी तसं म्हटलं.

"बोलावणार होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, पाहू कसं उठतात ते. सगळ्या तऱ्हेने करून पाहिलं. हात दाबून, पुढे सरकून, एका कुशीस होऊन. होत नाही. हात फार खाली आहेत हिचे. रेटा मिळत नाही."

मी एका बाजूने आणि मुलीने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उभं केलं. ते वजनाला काहीच नव्हते. उभे राहिल्यावर बराच वेळ माझा हात धरून थांबले. मला वाटलं चक्कर येत असेल.

"तीसही असंच होत असेल," ते म्हणाले. "रोज."

मग ते मुलीकडे वळले. "पाप्पा, मागची लाल खुर्ची आण."

तिने ती ओढत आणली. मोझेकवर तिचे पाय कर्कश वाजले. मामा तिच्यात बसले, हात टेकून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. त्या दिवशी ती खुर्ची हॉलातच राहिली.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी कॉफीला बोलावलं नाही. मुलगी सांगे, ताता चित्र काढतायत. मग एका संध्याकाळी बँकेतून आले तर ते पोर्चमध्ये वाट पाहत उभे.

"एक काम होतं," ते म्हणाले. "तुम्हांस राग येणार नसेल तर."

"सांगा ना."

"तुमची उंची तिच्याएवढीच आहे. दारात उभ्या राहता तेव्हा कडीपाशी डोकं येतं. तिचंही तिथेच येई." त्यांनी काखेतली वही उघडली. "मला टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं माप पाहिजे. आणि बैसल्यावर कोपराचं. पाप्पा घेईल माप. मी इकडे तोंड करून लिहीन."

मी पर्स टीपॉयवर ठेवली आणि लाल खुर्चीत बसले. मुलीने टेप धरली. मामा खिडकीकडे तोंड करून, वहीवर पेन्सिल टेकवून उभे राहिले.

"चप्पल काढली?"

"काढली, ताता."

"टेप सरळ आहे? पोटरीवरून वळली नाही ना?"

मुलीने आकडा सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला. मग कोपराचा, मग पाठीचा, मग मांडीच्या लांबीचा. सगळं लिहून झाल्यावर ते वहीकडे पाहत राहिले.

"ह्या खुर्च्या काढल्या तेव्हा मी महिनाभर वारा मोजला," ते म्हणाले. अजून खिडकीकडेच तोंड होतं. "काठीस दोरा बांधून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दोरा किती उंचीवर हलतो ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. ती तेव्हा आतच असे, दहा पावलांवर. तीस एकदा पण मोजलं नाही."

मुलीने टेप गुंडाळली. मी म्हटलं, "मामा, पण तुमच्या मापाची करा ना. बसणार तुम्ही आहात."

"मला आहे ही," असं म्हणून त्यांनी लाल खुर्चीकडे बोट केलं.

सुतार देवळाच्या तळ्याजवळच्या गल्लीतला होता. पन्नाशीचा, जाडजूड, आणि स्वतःच्या मतावर ठाम. तिकडे सुताराला आसारी म्हणतात. त्याने चार वेताच्या खुर्च्यांतली एक उलटी केली, पाय चाचपले आणि तमिळमध्ये म्हणाला, एका तासाचं काम आहे, चारी पायांना खालून ठोकळे लावतो. मामांनी मान हलवली. त्यांनी कागद पुढे केला. चारी पाय नवे. तेवढेच तिरपे, पण लांब, आणि निमुळतेपणा लांबीच्या मानाने नव्याने काढलेला. हात वर उचललेले आणि पुढच्या टोकाला पंजाएवढे रुंद केलेले, उठताना दाबता यावेत म्हणून. पाठ किंचित सरळ.

सुताराने कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे नवीनच खुर्ची झाली ही," तो म्हणाला. "जुनीत उरलं काय?"

"वेत," मामा म्हणाले.

तीन आठवडे काम चाललं. मागच्या व्हरांड्यात तो रोज येई. दोघांचं सतत वाजे. सुतार म्हणे, हा पाय इतका बारीक ठेवला तर जाड माणूस बसल्यावर मोडेल. मामा म्हणत, जाड माणूस बसणार नाही. एकदा त्याने मामांना न विचारता हातांच्या कडा गोल केल्या. मामांनी बोटं फिरवून पाहिलं, आता ओरडतील असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "सेरि. हे तुझं बरोबर आहे." बदलीच्या नोकरीत मी पुष्कळ साहेब पाहिले, हाताखालच्याचं बरोबर आहे असं इतक्या सहज म्हणणारा क्वचितच. मात्र हे त्यांना बायकोला म्हणता आलं नव्हतं, हेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि मला त्या एकत्र धरून ठेवाव्या लागल्या.

खुर्ची झाली त्या दिवशी त्यांनी आधीच्या तिघींच्या शेजारी ती ठेवली. ती त्यांच्यात बसत नव्हती. थोरल्या बहिणीसारखी उंच दिसत होती. प्रमाण गेलं होतं, हे मलाही कळलं. मामा जिन्यापाशी जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिले.

"बैसा," ते मला म्हणाले.

मी बसले. पाय जमिनीला नीट टेकले. कोपर आपोआप हातावर आले. पाठीला जिथे टेका हवा तिथेच वेत होता. माझ्या मापाची खुर्ची ह्याआधी माझ्या आयुष्यात कधी आली नव्हती, आणि हीसुद्धा माझी नव्हती.

"वारा?" त्यांनी विचारलं.

मी थोडं थांबून म्हटलं, "पोटाला लागतोय."

ते खळखळून हसले. मी त्यांना तसं हसताना प्रथमच पाहत होते. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि खिडकीखालच्या पट्ट्यांपाशी उकिडवं बसायचा प्रयत्न केला. ते जमेना. मुलीला म्हणाले, तू बस. तिच्या हातात पेन्सिल देऊन त्यांनी भिंतीवर खूण करून घेतली, झडप किती वर सरकवायची त्याची. ते काम मात्र शेवटपर्यंत झालं नाही. पावसाळी हवा आली, मग त्यांना ताप आला, मग राहून गेलं.

तिसऱ्या वर्षी त्यांचा मुलगा बंगळुरूहून येऊ लागला. माझ्याच वयाचा, अदबीने बोलणारा. त्याचं तमिळ-इंग्रजी मिसळलेलं बोलणं मला समजे. मराठी त्याला कळत होतं पण बोलायला तो लाजत असे. तो चेन्नईला परत येणार होता, वडिलांना एकटं ठेवायला त्याचं मन घेत नव्हतं, आणि गल्लीतली बहुतेक घरं एव्हाना जाऊन तिथे चारमजली फ्लॅट झाले होते. घर पाडण्याबद्दल वडिलांशी बोलायच्या आधी माझ्याशी बोलावं असं त्याला वाटलं.

"ते ऐकणार नाहीत, नाही का?" त्याने विचारलं.

मलाही तसंच वाटत होतं. मी सांगितलं, ह्या घराची एकेक पट्टी त्यांनी स्वतः काढली आहे. खरं तर मला त्याला थांबवायचं होतं. तोपर्यंत माझ्यासाठी ते घर पाहण्याची एक सवय झालं होतं. एग्मोरला बँकेच्या कामाला गेले की जुन्या कॉलेजांच्या, ऑफिसांच्या इमारतींवर मी तसल्याच पट्ट्या शोधू लागले होते. एखादी गोल खिडकी, एखादं तिरकं छप्पर दिसलं की ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटे. ती सगळी एकेक करून जात होती, आणि त्यांच्यासाठी हळहळणारं कोणी नव्हतं. देऊळ असतं, राजवाडा असता, तर लोक बोलले असते. पन्नास वर्षांपूर्वीच्या नव्या गोष्टीबद्दल कोण बोलणार?

मामांनी मुलाचं सगळं ऐकून घेतलं. मी तिथेच होते. मी उठू लागले तर त्यांनी हाताने बसायची खूण केली.

"केव्हा पाडायचं?" त्यांनी विचारलं.

मुलगा गडबडला. "अप्पा, तुमची इच्छा असेल तरच."

"मी माझ्या वडिलांचं घर विकलं तेव्हा ते असंच बैसले होते," मामा म्हणाले. "त्यांनी काही म्हटलं नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांस काही वाटत नाही." मग मुलाच्या पाठीवर हात ठेवून ते तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, ते मला पूर्ण समजलं नाही. एवढं कळलं, की नव्या फ्लॅटमध्ये सुनेला काय काय हवं ते आधी तिला विचार, असं काहीसं होतं.

माझी बदली सांगलीला झाली ती त्यानंतर चार महिन्यांनी. आम्ही निघालो तेव्हा घर उभं होतं. मामांनी मुलीला त्यांची लाकडी मोजपट्टी दिली. मला काय द्यावं हा प्रश्न त्यांना पडलेला दिसला. शेवटी त्यांनी घराचा मूळ नकाशा काढून टीपॉयवर पसरला आणि म्हणाले, "पाहून घ्या." मी अर्धा तास पाहिला. निळसर कागदावर तो सगळा हॉल होता, वाऱ्याचे बारीक बाण होते, आणि खुर्चीत बसलेल्या एका माणसाची आकृती. चेहरा नसलेला, बाई की पुरुष तेही न कळणारा.

दीड-दोन वर्षांनी बँकेच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला जाणं झालं. मैलापूरच्या त्या गल्लीत मी मुद्दाम गेले नाही. मामा तेव्हा मुलाच्या कुटुंबाबरोबर टी. नगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये होते. नवी इमारत पूर्ण व्हायची होती. साड्यांच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत मी तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार सुनेने उघडलं. ठेंगणी, हसरी, कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. हॉलात मोठा सोफा होता, टीव्ही होता, आणि बाल्कनीच्या दाराशी ती एक खुर्ची. बाकीच्या तीन दिल्या कोणालातरी, सून म्हणाली. ही तिने ठेवून घेतली होती. बाळाला पाजायला हीच बरी पडते, कोपर टेकतात, असं तिने मला इंग्रजीत सांगितलं. ती कोणासाठी केली होती हे तिला माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही.

मामा खंगले होते. ऐकू कमी येत होतं, पण शर्ट इस्त्रीचा होता. वाकून बाळाला एकेक बोट मोजून दाखवत होते. माझ्या नवऱ्याची, सांगलीच्या घराची विचारपूस झाली. मी सोफासेट काढून टाकल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "त्यांस विचारलं ना, यजमानांस?" मी म्हटलं, विचारलं, आणि महिनाभर भांडण झालं. त्यावर ते समाधानाने मान डोलावत राहिले. त्यांच्याशी ती माझी शेवटची भेट ठरली, पण तेव्हा ते कळायचं काही कारण नव्हतं.

"पाप्पा कोठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलवर घरचा नंबर लावून त्यांच्या कानाशी धरला. मुलगी तेव्हा आठवीत होती. दोघं तमिळमध्ये सुरू झाले, मोठमोठ्याने, इतक्या भरभर की तीन वर्षं तिथे राहूनही मला चारातला एकच शब्द लागत होता. मामा मध्येच हसत, मध्येच भुवया उंचावून माझ्याकडे बघत. बाळ त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलं होतं. पाच मिनिटांनी त्यांनी फोन परत दिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तुम्हांस सांगायचं नाही म्हणाली," मामा म्हणाले, आणि सुनेला कॉफी टाकायला सांगायचं सोडून स्वतःच स्वयंपाकघराकडे निघाले.